छायाचित्राला भिंत हवीच

गावातल्या कलादालनात छायाचित्रांचे प्रदर्शन लागले की तीन शेरे हमखास कानांवर येतात. ‘फोटो काय, मोबाइलवर दिसतातच की, त्यासाठी उठून कशाला जायचे?’ हा पहिला. ‘हल्ली फोटो कोण काढत नाही? मग या एकालाच कलावंत का म्हणायचे?’ हा दुसरा. तिसरा जरा दबक्या आवाजात, बहुधा नगरपालिकेच्या बैठकीत किंवा विश्वस्तांच्या चहापानात निघतो : ‘एवढी मोक्याची जागा आणि दिवसाकाठी पाच-पंचवीस माणसे, त्यापेक्षा साड्यांच्या सेलला दिली तर चार पैसे तरी सुटतील.’

हे शेरे हसून सोडून देण्यात अर्थ नाही. पहिले दोन रसिकतेच्या थाटात येतात आणि तिसऱ्याची वाट मोकळी करून देतात. फोटो भिंतीवर लावण्याजोगा नाही आणि लावणारा कलावंत नाही, एवढे एकदा मान्य केले की दालन सेलला देणे हा व्यवहारी शहाणपणा ठरतो. म्हणून तिघांनाही ओळीने उत्तर दिले पाहिजे.

पहिल्या शेऱ्याला मोठी वंशपरंपरा आहे. ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकाचे कलासमीक्षक जोनाथन जोन्स यांनी २०१४ साली लेख लिहून निकालच देऊन टाकला : चौकटीत घालून दालनात टांगलेला फोटो म्हणजे चित्रकलेची सपाट, निर्जीव नक्कल; तो पुस्तकात किंवा टॅब्लेटच्या उजळ पडद्यावर शोभतो, भिंतीवर नाही. छायाचित्रणावर लिहिणारे त्याच दैनिकातले शॉन ओ’हेगन यांनी त्यांना उत्तरही दिले. पण जोन्स यांचे म्हणणे नवे नव्हतेच. १८५९ साली पॅरिसच्या ‘सलों’ या सरकारी चित्रप्रदर्शनाच्या वेळी छायाचित्रांना त्याच इमारतीत जागा मिळाली. फक्त दार वेगळे ठेवले होते. तेवढ्यानेही कवी शार्ल बोदलेर संतापले. छायाचित्रणाने विज्ञानाची आणि कलांची सेवा करावी, प्रवाशांच्या आठवणी जपाव्यात, शास्त्रज्ञांच्या टेबलावर राबावे. कल्पनेच्या प्रांतात मात्र पाऊल टाकू नये, असा त्यांचा हुकूम होता.

बोदलेर आणि जोन्स यांच्यात दीडशे वर्षांहून अधिक अंतर आहे, पण दोघांचे गृहीतक एकच : भिंत ही चित्रकलेच्या मालकीची आहे आणि तिथे येणारा फोटो हा घुसखोर आहे. इतिहास याची साक्ष देत नाही. न्यूयॉर्कमध्ये २९१, फिफ्थ अॅव्हेन्यू या पत्त्यावर १९०५ च्या नोव्हेंबरात आल्फ्रेड स्टिग्लिट्झ आणि एडवर्ड स्टायकन या छायाचित्रकारांनी छायाचित्रांसाठी एक दालन उघडले. दालन कसले, माळ्यावरच्या काही लहानशा खोल्या. फोटोला स्वतःची भिंत मिळावी म्हणून झालेल्या या खटाटोपाचे पुढे काय झाले? १९०८ मध्ये रोदँची रेखाटने आणि मातीसची चित्रे तिथे लागली, १९११ मध्ये पिकासोचे अमेरिकेतले पहिले एकल प्रदर्शन तिथेच झाले. पॉल स्ट्रँडची छायाचित्रे १९१६ मध्ये लागली आणि १९१७ साली दालन मिटले ते जॉर्जिया ओ’कीफच्या चित्रांचे प्रदर्शन करून. म्हणजे चित्रकलेच्या दारात फोटो आश्रिताप्रमाणे उभा राहिला, ही गोष्ट अर्धीही खरी नाही. युरोपातली आधुनिक चित्रकला अमेरिकेत शिरली ती छायाचित्रांच्या दालनातून. घुसखोर कोण आणि यजमान कोण, हे जोन्स यांनी सांगावे.

आता त्या उजळ पडद्याकडे पाहू. सपाटपणाचा आरोप खरे तर पडद्यावर ठेवायला हवा. तिथे सगळे फोटो एकाच मापाचे. शेजारच्या बाळाचे बारसे, गाझातले ढिगारे, काल रात्रीची बिर्याणी, वारलेल्या मामांचा हार घातलेला फोटो, सगळे त्याच पाच-सहा इंचांत, त्याच उजेडात, एकाखाली एक. कोणते किती वेळ बघायचे हे अंगठा ठरवतो आणि अंगठ्याला घाई असते. कोणामागून कोण येणार हे कुठल्याशा कंपनीचे गणित ठरवते. ज्याने फोटो काढला त्याच्या हातात यातले काहीच उरत नाही.

भिंतीवर हे सगळे त्याच्या हातात येते, आणि त्याबरोबर जबाबदारीही येते. वर्षभरात काढलेल्या हजारो फोटोंतून तीस-चाळीस निवडायचे. एखादा तळहाताएवढा छापायचा, म्हणजे बघणाऱ्याला जवळ येऊन वाकावे लागेल. एखादा चार फुटांचा करायचा, म्हणजे त्याला दोन पावले मागे सरावे लागेल. कोणाच्या शेजारी कोण, मध्ये मोकळी जागा किती, पहिला कोणता आणि दारातून बाहेर पडताना शेवटी नजर कशावर पडेल, हे ठरवायचे. काळा रंग किती काळा हवा, हे छपाईच्या वेळी एकदाच ठरते आणि मग प्रत्येक प्रेक्षकासाठी तेच राहते. फोन बदलला म्हणून ते बदलत नाही. दयानिता सिंग यांनी तर आपल्या छायाचित्रांसाठी लाकडी घड्या-कप्प्यांची हलती ‘संग्रहालये’ बांधली, पुस्तकालाच प्रदर्शनाचे रूप दिले. कारण फोटो कसा मांडला हा फोटोचाच भाग आहे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मांडणी हे एक विधान असते. विधान करणाऱ्याचे नाव खाली लिहिलेले असते आणि छोट्या दालनात तर तो माणूस आठवडाभर तिथेच खुर्ची टाकून बसलेला असतो. कोणीही जाऊन त्याला जाब विचारू शकतो. पडद्यावर ही सोय नाही. तिथे फार तर अंगठा वर करता येतो.

भिंतीवरचा फोटो निर्जीव असतो, असे ज्यांना अजूनही वाटते त्यांनी ढाक्याकडे पाहावे. छायाचित्रकार शाहिदुल आलम यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या ‘दृक’ या संस्थेचे धानमंडी भागात एक दालन होते. मार्च २०१० मध्ये तिथे आलम यांचेच ‘क्रॉसफायर’ हे प्रदर्शन लागायचे होते. विषय होता ‘रॅपिड अॅक्शन बटालियन’ या बांगलादेशी सुरक्षादलाच्या हातून होणाऱ्या, चकमकी म्हणून खपवल्या जाणाऱ्या हत्यांचा. छायाचित्रांत मृतदेह नव्हते. त्या घटनांशी जोडलेल्या जागा आणि वस्तू होत्या. यातली छायाचित्रे इंटरनेटवर आधीच पाहायला मिळत होती. तरीही उद्घाटनाच्या दिवशी पोलिसांनी दालनाचे दार अडवले. उद्घाटनाला आलेल्या बंगाली लेखिका महाश्वेता देवींनी मग रस्त्यावरच प्रदर्शन खुले केले. प्रकरण न्यायालयात गेल्यावर पहारा उठला. पडद्यावरच्या फोटोंसाठी कोणी फौजफाटा पाठवला नाही, पण तेच फोटो एका खोलीत, एका क्रमाने, माणसांच्या घोळक्यासमोर लागणार म्हटल्यावर सरकारला घाम फुटला. निर्जीव वस्तूला पोलीस पहारा लागत नाही.

दुसरा शेरा अधिक लोकप्रिय आहे, कारण तो लोकशाहीचा झेंडा घेऊन येतो : सगळेच छायाचित्रकार आहेत. हे खरेच आहे. पण ही बातमी मोबाइलने आणलेली नाही. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ साली निघाली आणि तिच्या पाठोपाठ पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या कार्यकारिणीत पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी होते. तिच्यात गोरे अधिकारी होते तसे एतद्देशीय हौशी लोकही होते. छायाचित्रणाची आपल्याकडची सुरुवातच मुळी हौशी माणसांनी एकत्र जमून, एकमेकांचे फोटो बघून, त्यांवर वाद घालून झाली. तेव्हा सामान फारच थोड्यांना परवडायचे, आज ते सगळ्यांकडे आहे. फरक एवढाच. हौशी माणसाने आपले काम चारचौघांत मांडावे आणि त्यावर बरे-वाईट ऐकून घ्यावे, ही चाल तेव्हापासूनची आहे. जे लोक छोट्या दालनातल्या हौशी छायाचित्रकाराला हसतात ते मुंबईतल्या छायाचित्रणाच्या मूळपुरुषांनाच हसत असतात.

आणि सगळे जण फोटो काढतात म्हणून निवडीची गरज संपते, हा कुठला न्याय? सगळे जण बोलतात म्हणून व्याख्यानमाला बंद झाल्या नाहीत. सगळे लिहितात, तरी संपादकाची गरज कमी झालेली नाही. उलट वाढली आहे. फोटो जितके जास्त, तितकी ‘यातला कोणता आणि का’ हे सांगणाऱ्या जागेची गरज जास्त. छोट्या दालनाने एखाद्या छायाचित्रकाराला आठवडाभर सगळी भिंत द्यायची ती याचसाठी. तो इतरांपेक्षा थोर आहे, असा दावा त्यात नसतो. त्याने एका गोष्टीकडे बराच काळ, पुन्हापुन्हा पाहिले आहे, एवढाच दावा असतो.

हे ‘बराच काळ पाहणे’ मोबाइलवाल्या गर्दीतून आपोआप होत नाही. आपण फोटो कशाचे काढतो, हे प्रत्येकाने आपापल्या फोनमध्ये डोकावून बघावे. जे आठवणीत राहावे असे वाटते त्याचे : वाढदिवस, सहल, नवी गाडी, देवदर्शन. जे दिसूच नये असे वाटते, त्याचे फोटो आपण काढत नाही. सुधारक ओलवे यांनी ते काढले. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रोज पहाटेपासून कशात उतरतात, काय उचलतात, कुठे राहतात आणि कशाने मरतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर राहून टिपले. त्याची प्रदर्शने झाली, पुस्तक झाले, पुढे २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईत लाखो कॅमेरे असताना हे काम एका माणसाला करावे लागले. कचऱ्याची गाडी आपल्या दारासमोरून रोज जाते. फोन आपल्या हातातच असतो. आपण तो त्या दिशेला वळवत नाही. संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडांबरोबर फिरून जे काम केले, ते ‘तमाशा : एक रांगडी गंमत’ या पुस्तकात आहे. तमाशा बघायला जाणारा प्रेक्षक फोटो काढतो तो रंगमंचावरच्या नाचाचा. राहुटीत मेकअप पुसणाऱ्या, ट्रकच्या आडोशाला मुलाला झोपवणाऱ्या बाईकडे पाहण्यासाठी फडाबरोबर मुक्काम ठोकावा लागतो. ‘असंही पुणे’मध्येही भंडारे यांनी पुण्याच्या ज्या बाजूकडे पुणेकर पाठ करून बसतात, तिच्याकडे पाहिले. या दोघांना कलावंत म्हणायचे नसेल तर ‘कलावंत’ ही पदवी कोणासाठी राखून ठेवली आहे, तेवढे कळवावे.

तिसरा शेरा व्यवहाराचा, म्हणून त्याला व्यवहारानेच उत्तर देऊ. त्यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत : छोटी दालने सुमार असतात, आणि ती परवडत नाहीत.

मोठ्या प्रदर्शनांबद्दल मला आकस नाही. फिफ्थ अॅव्हेन्यूवरचे ते छोटे दालन उघडणाऱ्या स्टायकन यांनीच पुढे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ साली ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे प्रदर्शन उभारले. ६८ देशांतल्या २७३ छायाचित्रकारांची ५०३ छायाचित्रे. ते जगभर फिरले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या जहांगीर कलादालनातही लागले. दालन सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. जन्म, प्रेम, श्रम, मृत्यू सगळीकडे सारखेच, माणूस इथूनतिथून एकच, हा त्या प्रदर्शनाचा संदेश होता. संदेश चांगलाच होता, पण एवढ्या उंचीवरून पाहिले की माणसे एकसारखी दिसायचीच. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थ यांनी नेमके यावरच बोट ठेवले : जन्म आणि मृत्यू सगळ्यांना असतात, पण कोण कशा घरात जन्मतो आणि कशाने मरतो हा इतिहासाचा प्रश्न आहे आणि तोच इथे गायब आहे. मोठ्या प्रदर्शनाला हा प्रश्न टाळता येतो. छोट्या दालनाला सहसा टाळता येत नाही, कारण ज्याचा फोटो भिंतीवर आहे तो माणूस संध्याकाळी सायकल लावून आत येऊ शकतो.

इंग्लंडच्या ईशान्येकडचे न्यूकॅसल हे कोळशाचे आणि जहाजबांधणीचे जुने शहर. तिथे ‘अॅम्बर’ या चित्रपटकार-छायाचित्रकारांच्या गटाने १९७७ मध्ये ‘साइड गॅलरी’ उघडली. नदीकाठच्या एका जुन्या, अरुंद रस्त्यावरचे हे दालन. या गटातल्या सिर्का-लीसा कोंटिनेन फिनलंडहून आलेल्या. बायकर या कामगारवस्तीत त्या खोली घेऊन राहिल्या आणि पुनर्विकासासाठी ती वस्ती पाडली जात असताना तिचे फोटो काढत राहिल्या. अखेर त्यांचे स्वतःचे घरही पाडले गेले. त्यांचे ‘बायकर’ हे पुस्तक १९८३ चे. पुढे अनेक वर्षांनी त्या पुन्हा तिथे गेल्या आणि नव्या वसाहतीतल्या नव्या रहिवाशांचे रंगीत फोटो काढले. अॅम्बरचे चित्रपट आणि कोंटिनेन यांची छायाचित्रे यांना २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ या उपक्रमाच्या ब्रिटिश नोंदवहीत स्थान मिळाले. त्याच शहरात वाढलेली टिश मर्था ही गरीब घरातली मुलगी. पंतप्रधान थॅचर यांच्या राजवटीत आपल्या गल्लीतल्या, आपल्याच भावंडांच्या वयाच्या बेकार पोरांचे फोटो तिने काढले. ‘यूथ अनएम्प्लॉयमेंट’ हे तिचे प्रदर्शन १९८१ मध्ये साइडमध्ये लागले आणि त्याचा उल्लेख थेट ब्रिटिश संसदेत झाला. यातले कोणते काम सुमार आहे? आणि यातले कोणते काम लंडनच्या मोठ्या संग्रहालयातून निघाले असते?

परवडण्याची गोष्ट. छायाचित्रांची दालने मुळात कधीच गर्दीच्या जिवावर चाललेली नाहीत. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये हेलन गी यांनी १९५४ मध्ये ‘लाइमलाइट’ हे कॉफीघर काढले आणि त्याच्या भिंतींवर छायाचित्रांची प्रदर्शने लावली. कॉफीच्या गल्ल्यावर १९६१ पर्यंत भिंती चालल्या. लंडनमध्ये सू डेव्हिस यांनी १९७१ मध्ये चहाच्या एका बंद पडलेल्या दुकानात ‘द फोटोग्राफर्स गॅलरी’ सुरू केली. आज ती ब्रिटनमधली छायाचित्रणाची अग्रगण्य संस्था मानली जाते. कोणी कॉफी विकून चालवले, कोणी अनुदानावर. आणि अनुदान काढून घेतले की काय होते तेही साइडनेच दाखवले. कलांना सरकारी अनुदान वाटणाऱ्या आर्ट्स कौन्सिलने नियमित अनुदानाच्या यादीतून तिला २०२२ च्या अखेरीस वगळले, विजेचे बिल वाढलेले होतेच; २०२३ च्या एप्रिलमध्ये दालनाचे दार बंद झाले. साइडचा संग्रह संकेतस्थळावर बघता येतो. जोन्स यांच्या हिशेबाने मग काहीच बिघडले नाही. पण आपल्या आजीचा फोटो जिथे जाऊन बघता येत होता, शेजाऱ्याला हात धरून दाखवता येत होता आणि ‘हे घर आमचे’ असे ओरडून सांगता येत होते, ती जागा गेली. संकेतस्थळावर कोणी कोणाला हात धरून नेत नाही.

आता ज्या मुद्द्यावर टीकाकारांचा राग रास्त आहे, त्याकडे वळतो. आपल्या छोट्या दालनांत बरेचदा खरोखर काय दिसते? ताडोबाचा वाघ. भिगवणचे रोहित. कासची फुले. जेजुरीचा भंडारा, हवेत उडालेला. पंढरीच्या वाटेवरचा म्हातारा आणि त्याच्या सुरकुत्या, रंग असे चढवलेले की पागोटे पेटल्यासारखे दिसावे. खाली ‘श्रद्धा’, ‘वात्सल्य’, ‘प्रतीक्षा’ अशा चिठ्ठ्या. कुठे, केव्हा, कोण, याचा पत्ता नाही. उद्घाटनाला मालिकेतली अभिनेत्री, दीपप्रज्वलन, तीन भाषणे. दुसऱ्या दिवशी पेपरात अभिनेत्रीचा फोटो, प्रदर्शनातला एकही नाही. आठवडा संपला की फ्रेमा रिक्षात घालून घरी. मागे ना पुस्तिका राहते, ना नोंद.

हे सगळे खरे आहे. पण रोग कशाचा आहे, हे नीट पाहिले पाहिजे. फोटो भिंतीवर लागला म्हणून हे झाले नाही. दालनाने निवड करणे सोडले म्हणून झाले. बहुतेक दालने, पालिकेची असोत वा संस्थांची, भाड्याने चालतात. जो अर्ज करील आणि अनामत भरील त्याला तारीख. छपाई, फ्रेम, भाडे, निमंत्रणपत्रिका, सगळा खर्च छायाचित्रकाराचा. अशाने काय होणार? ज्याच्याकडे पैसे आहेत आणि ज्याला एकदा ‘प्रदर्शन’ करायचे आहे, त्याची तारीख लागते. जो सहा वर्षे ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर जातो आहे त्याला फ्रेमांचा खर्चच झेपत नाही. दालन भिंतीचे भाडे घेऊन गप्प बसते आणि मग आपण म्हणतो, फोटोत दम नाही. विहिरीवरचा रहाट मोडला म्हणून कोणी विहीर बुजवत नाही.

समीक्षेचीही तीच गत. जोन्स यांच्याशी माझे पटत नाही, पण ते निदान दालनात गेले, फोटोंसमोर उभे राहिले आणि मग चिडले. मराठीत छायाचित्रांच्या प्रदर्शनावर चिडणाराही समीक्षक मिळत नाही. नाटकावर लिहितात, सिनेमावर लिहितात, चित्रांवर अधूनमधून लिहितात. फोटोच्या वाट्याला ‘छायाचित्र प्रदर्शनाला उत्तम प्रतिसाद’ ही एका ओळीची बातमी. ज्या कामावर कोणी कधी वाईट लिहीत नाही ते सुधारणार कसे?

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत आणि त्यांना फार पैसा लागत नाही. प्रत्येक दालनाने वर्षातले निदान चार आठवडे भाड्यातून मोकळे ठेवावेत आणि दरवेळी एकाच छायाचित्रकाराचे, एकाच विषयावरचे, दीर्घ काळ केलेले काम निवडून लावावे. निवड समितीत एक छायाचित्रकार, एक लेखक आणि त्या गावाचा इतिहास जाणणारा एक माणूस असावा. नगरसेवकाचा भाचा नको. प्रत्येक फोटोखाली मराठीत ठिकाण, साल आणि शक्य तिथे माणसाचे नाव असावे. ‘वात्सल्य’ हे माणसाचे नाव नव्हे. सोळा पानांची का होईना, पुस्तिका निघावी आणि तिची एक प्रत गावच्या ग्रंथालयात राहावी. आणि प्रदर्शन संपले की फ्रेमा थेट घरी नेऊ नयेत. जिथे फोटो काढले त्या वस्तीत, त्या शाळेत, त्या पाड्यावर आधी लावाव्यात.

ही शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची. पंढरीच्या वाटेवरच्या ज्या म्हाताऱ्याच्या सुरकुत्या पुण्यात चार फुटांच्या होऊन लागतात, त्याला त्याचा सुगावाही नसतो. छायाचित्रकार गौरी गिल यांनी राजस्थानातल्या लूणकरणसरच्या बालिका मेळ्यात २००३ साली फोटोचा तंबू टाकला. मुली आपल्याला हव्या त्या ऐटीत, हव्या त्या मैत्रिणीबरोबर उभ्या राहिल्या. फोटो काढून घेणाऱ्यालाही त्यात मत असते, एवढी साधी गोष्ट त्यामागे आहे. भिंत छायाचित्रकाराला जबाबदार धरते, असे मी वर म्हटले. पण तिचा हा गुण पूर्ण कामाला येतो तो फोटोतला माणूस भिंतीसमोर येऊन उभा राहिला तरच. मोठ्या शहराचे मोठे संग्रहालय त्याला बोलावू शकत नाही. कोल्हापूरच्या शाहू स्मारकातले किंवा पुण्यात घोले रोडवरचे दालन बोलावू शकते. जिल्ह्याच्या गावातली एखादी खोली तर नक्कीच बोलावू शकते. छोटेपणाची लाज बाळगायचे कारण नाही. तेच तिचे बळ आहे.

तेव्हा विश्वस्तांनी आणि नगरसेवकांनी साड्यांच्या सेलचा प्रस्ताव फाइलबंद करावा. साड्यांना जागा पुष्कळ आहेत. छायाचित्रकारांनी पुढच्या पावसात आणखी एक वाघ, आणखी एक सुरकुती टिपण्याआधी आपल्या गल्लीत कोणाकडे कोणी पाहिलेले नाही, ते शोधावे. आणि वाचकहो, तुमच्याकडून एवढेच हवे : पुढच्या वेळी गावात प्रदर्शन लागेल तेव्हा उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर जा. एका फोटोपुढे पाच मिनिटे थांबा. मग खुर्चीत बसलेल्या छायाचित्रकाराला विचारा, ‘हा माणूस कोण? याला हा फोटो दाखवलात का?’ उत्तर आले तर अभिप्रायाच्या वहीत शाबासकी लिहा. आले नाही, तर तेही लिहा, आणि खाली आपले नाव घाला.